सातारा–यवतेश्वर–कास–कुसुंबी–मेढा–सातारा: माउंटन बाइकने एका दिवसात जमेल का?

हरिपूरकर

नमस्कार मंडळी. सांगलीहून लिहितोय. साखर कारखान्यात वजनकाट्यावर नोकरी, वय सत्तेचाळीस, गुडघे अजून कुरकुरत नाहीत. अडचण एवढीच की आमच्याकडे चढ म्हणावा असा चढच नाही. हरिपूरचा रस्ता, अंकलीचा पूल, फार तर दंडोबाचा डोंगर. दंडोबाला सुट्टीच्या दिवशी जातो, पण अंगात घाम यायला लागला की माथा आलेला असतो.

या खेपेला साताऱ्याचा बेत आहे. शहरातून यवतेश्वर घाट चढायचा, कास गाठायचं, तलावाच्या पुढून अंधारी, कोळघर, कुसुंबी करत मेढ्याला उतरायचं आणि कण्हेर धरणाच्या कडेने परत सातारा. नकाशावर मोजलं तर सत्तर-ऐंशी किलोमीटरच्या मध्ये कुठेतरी येतं. आकड्याला मी भीत नाही, सपाटीवर एवढं सकाळच्या चहाआधी होतं. पण नकाशात त्या रेघा एकमेकींत अशा काही गुंतल्यात की पोटात गोळा येतो.

सोबत भाचा येतोय. त्याचं वय बावीस, त्याची सायकल नवीकोरी 29 इंची, पुढे एकच चक्र, मागे बारा. माझी 27.5 ची, जुनी, 21 गिअरची, तारेचे डिस्क ब्रेक. भाचा म्हणतो, मामा तुमच्या सायकलला आधी पेन्शन द्या.

विचारायचं असं. एक, यवतेश्वराकडून चढावं की उलटं मेढ्याकडून? दोन, गाळप सुरू झालं की मार्चपर्यंत आम्हाला सुट्टी हा शब्द विसरावा लागतो, त्यामुळे ऑक्टोबर संपायच्या आत उरकायचंय. तेव्हा रस्ते कसे असतात? तीन, माझ्या गिअरांवर हा घाट चढेल का, की ढकलत न्यायची तयारी ठेवू? आणि भाच्याचं एक खूळ आहे. त्याला कासच्या पठारावरच्या लाल पायवाटांवरून सायकल घालायची आहे, नाहीतर तिथून राजमार्ग म्हणतात त्या वाटेने कुमुदिनी तळ्याकडे जायचंय. त्याचं म्हणणं, डांबरावरूनच जायचं तर माउंटन बाइक घेतली कशाला.

जाणकारांनी बोलावं.

बोगदा फिटर

हरिपूरकर दादा, सांगलीची माणसं साताऱ्याला आली की आधी कंदी पेढे विचारतात, तुम्ही गिअर विचारलेत. बरं वाटलं.

दुकान माझं बोगद्याच्या अलीकडे. यवतेश्वरला जाणारा प्रत्येक सायकलवाला दारावरूनच जातो, आणि उतरताना निम्मे दारात थांबतात. त्यामुळे कोणाचं काय मोडतं हे मला पाठ आहे.

घाटाचं आधी सांगतो. सातारा शहर समुद्रसपाटीपासून 700 मीटरच्या आसपास, कास 1,200 च्या आसपास. म्हणजे निव्वळ चढ पाचशे मीटर. त्यातला मोठा वाटा पहिल्या सहा-एक किलोमीटरमध्येच वसूल होतो. हिल मॅरेथॉनवाले याच घाटाने पळत जातात, तेव्हा सायकलने जमणार नाही असं म्हणायची सोय नाही. यवतेश्वर आलं की लोकांना वाटतं संपलं. नाही. पुढे पेट्री, गणेशखिंड करत रस्ता चढउतार करतच जातो. त्या उतारांना भुलू नका. उतारावर कमावलेलं पुढच्या वळणावर परत द्यावं लागतं.

आता तुमची 21 गिअरची. मागचं फ्रीव्हील फिरवून सगळ्यात मोठ्या चक्राचे दाते मोजा. बहुतेक 28 निघतील. पुढचं लहान चक्र 24 चं धरलं तर पायडलच्या एका फेऱ्यात तुमची सायकल 1.9 मीटरच्या आसपास पुढे जाते. मागे 34 दात्यांचं फ्रीव्हील टाकलं तर तेच अंतर 1.55 मीटरवर येतं. ऐकायला किरकोळ वाटेल. पण मिनिटाला साठ फेरे धरले तर पहिल्यात ताशी 6.8 किलोमीटरने चढावं लागेल, दुसऱ्यात 5.6 ने भागतं. सव्वा किलोमीटरचा हा फरक मांड्यांना कळतो. भाच्याचं पुढे 32 आणि मागे 51 असेल तर तो 1.4 मीटरच्या थोडा वर, म्हणजे तुमच्यापेक्षा फार लांब नाही. तेव्हा पेन्शन वगैरे राहू द्या. फक्त तुमचा मागचा डिरेलर, म्हणजे चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणारा भाग, 34 झेलतो का ते दुकानात बघून घ्या. काही जुने 28 च्या पुढे घेत नाहीत, चेन कुरकुरते, आणि जोर लावला की हँगर, म्हणजे डिरेलर जिथे अडकवतात तो तुकडा, वाकतो. चेनही जरा लांब लागेल, जुनीवर भागवू नका.

चढताना उभं राहून मारू नका. खड्ड्यातल्या मुरमावर उभं राहिलात की मागचं चाक जागेवर फिरतं. बसून, नाक हँडलकडे, हलका गिअर, आणि गप्पा बंद.

पण खरं सांगू का, या फेरीत घाट चढणं ही सोपी बाजू आहे. माणसं मोडतात ती कासच्या पुढे. तोवर पाय गेलेले असतात, डोकं म्हणतं आता काय, उतारच आहे. अंधारी ते कोळघर पट्ट्यात रस्ता वर-खाली करतो, जंगल लागतं, फोनला रेंज धड नसते. आणि मग कुसुंबीकडचा उतार, तोही थकलेल्या हातांनी. तारेच्या डिस्क ब्रेकला बोटं जोरात आवळावी लागतात. कासपर्यंत बोटं बधिर झाली असतील तर त्या उतारावर तुमचा ब्रेक निम्माच उरला असं समजा.

म्हणून निघण्याआधी: पॅड नवे टाका, दुकानदार म्हणाला अजून चालतील तरी. ऑक्टोबरात रस्त्याकडेला लाल चिखल वाळून पूड झालेली असते, ती पॅडवर बसते आणि कानसीचं काम करते. रेझिनचे पॅड अशा मातीत लवकर झिजतात, सिंटर्ड जास्त टिकतात, थोडा आवाज करतात, करू देत. उतारावर ब्रेक सतत दाबून ठेवू नका. वळणाच्या आधी दोन्ही मिळून घट्ट धरा, वेग मोडा, सोडा. धरून ठेवलात तर डिस्क तापते, पॅडला काच चढल्यासारखी चकाकी येते आणि मग नुसताच चर्रर्र आवाज येतो, सायकल थांबत नाही. अशी चकाकलेली पॅडं मी कापडावर ठेवून गिऱ्हाइकाला दाखवतो. गिऱ्हाईक म्हणतं, अरे, केवढी गुळगुळीत!

हवा फार मारू नका. सव्वादोन इंची टायर आणि सत्तर किलोचा माणूस असेल तर 30 पीएसआयच्या आसपास पुरे. आणि रिमचा आउट, म्हणजे चाक फिरताना होणारी डगमग, काढून घ्या, तो कोणी काढत नाही.

किलोमीटरखाऊ

फिटर दादांशी बाकी सहमत, पण दिशा उलटी ठेवा. आधी मेढा. साताऱ्याहून वीस-बावीस किलोमीटर पाय गरम होतात, मग कुसुंबीचा चढ ताज्या पायांनी, आणि शेवटी यवतेश्वर घाट मोकळा सोडायचा. खाली साताऱ्याचे दिवे, समोर अजिंक्यतारा. दिवसभराचं फळ शेवटी मिळावं, सुरुवातीला नाही. दमछाक करून चढलेल्या घाटावरून उतरायचंच नाही, हा कुठला हिशोब?

बोगदा फिटर

दिवे दिसतात, बरोबर. ते समोरून येणाऱ्या गाड्यांचे. संध्याकाळी त्या घाटात कासहून परतणाऱ्या गाड्या, रील काढायला वळणावर उभी पोरं आणि उताराला ब्रेक तापलेला सायकलवाला, हे तिन्ही एका वेळी नकोत. मंगळवारी-बुधवारी उलटं जा, माझी हरकत नाही. शनिवार-रविवारी उलटं जाणार असाल तर दुकान आठपर्यंत उघडं असतं.

कुसुंबीची लेक

हरिपूरकर काका, माझं माहेर कुसुंबीकडचं, नोकरी मेढ्यात. आमच्याकडून सायकलवाले जातात तेव्हा मुलं शाळेच्या कठड्यावर चढून बघतात, तेव्हा हात करत जा, नाहीतर त्यांना राग येतो.

यवतेश्वराकडून या. कारण घाट नाही, जनावरं. तुम्ही सहाच्या सुमारास साताऱ्यातून निघालात तर जंगलाच्या पट्ट्यात उन्हं चढल्यावर याल. उलटं निघालात आणि कुठे पंक्चर झालं, पाय धरले, तर तोच पट्टा तिन्हीसांजेला लागेल. आमच्याकडे गवे आहेत आणि अस्वलंही आहेत. बायामाणसं सरपणाला, गुरांमागे जातात तीसुद्धा उजाडल्यावर आणि जोडीने जातात.

गवा दिसला तर जागीच थांबा. सायकल तुमच्या आणि त्याच्या मध्ये आडवी धरा, घंटी वाजवू नका, फोटोसाठी जवळ तर अजिबात जाऊ नका. एकटा दिसला तरी मागे कळप असतोच असं समजून थांबा. तो त्याच्या वेळेने जातो. अस्वलाचं उलट. आंधळ्या वळणाआधी घंटी वाजवत, बोलत या. अस्वल अचानक समोर आलेल्या माणसाला घाबरतं आणि घाबरलं की अंगावर येतं. लांबून चाहूल लागली तर ते स्वतःच बाजूला होतं. सायकलचा आवाज होत नाही, हीच खरी पंचाईत. मोटारसायकल तरी लांबून कळते.

खाण्याचं: कासपर्यंत टपऱ्या मिळतील, कणीस, चहा, वडा. तिथून पुढे मेढ्यापर्यंत हॉटेल गृहीत धरू नका. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी घ्या, ती उन्हातही टिकते. पाणी माणशी तीन लिटर कासला भरून घ्या. संपलं तर कोणत्याही दारात मागा, नाही म्हणणार नाहीत. पण आधी बसा, कुठून आलात ते सांगा, मग तांब्या येईल. सायकल उंबऱ्याला टेकवून नुसती बाटली पुढे करणारे येतात, त्यांच्याबद्दल नंतर गावात काय बोलतात ते इथे लिहीत नाही.

मेढ्याला पोचलात की चिंता मिटली. तालुक्याचं गाव आहे, दवाखाना आहे, एसटी स्टँड आहे, पिकअपही मिळते. पुढचा रस्ता वेण्णेच्या खोऱ्यातून, कण्हेरचं पाणी बघत बघत. चढ आहेत, पण मानाचे.

वायतुरा

भाच्याच्या खुळाबद्दल कोणी बोललं नाही, म्हणून मी बोलते. वनस्पतिशास्त्र शिकवते आणि फुलांच्या दिवसांत कासला जाणं होतंच.

भाचेबुवा, पठारावर सायकल घालू नका. बंदी आहे म्हणून नाही, किंवा फक्त तेवढ्यासाठी नाही. कासचा सडा म्हणजे जांभा दगडाचं छप्पर आणि त्यावर बोटभर माती, कित्येक ठिकाणी तीही नाही. त्या बोटभर मातीत साडेआठशेच्या आसपास जातींच्या वनस्पती नोंदल्या आहेत. ही माती एकदा टायरच्या रेघेने फाटली की पुढच्या पावसात त्या रेघेतून पाणी धावतं आणि माती घेऊनच जातं. परत यायला तिला घाई नसते.

आता तुम्हाला सगळ्यात मोह पडेल तो डबक्यांचा. लाल पाण्याचं उथळ डबकं दिसलं की माउंटन बाइकवाल्याला त्यातून पाणी उडवत जायचं असतं, मी पाहिलंय. तर त्या डबक्यात वायतुरा असतो. शास्त्रीय नाव ॲपोनोजेटॉन सातारेन्सिस, म्हणजे नावातच सातारा आहे. पाण्यावर पसरलेली लांबट पानं आणि त्यातून वर आलेला इंग्रजी वाय अक्षरासारखा दुभंगलेला फिकट जांभळट तुरा. जवळून बघायला पोटावर झोपावं लागतं. ही वनस्पती सह्याद्रीतल्या मोजक्या सड्यांवरच सापडते. डबकं आटलं की ती दिसेनाशी होते, पण मेलेली नसते. खाली चिखलात तिचा कंद पुढच्या पावसापर्यंत पडून राहतो. म्हणजे तुम्ही ऑक्टोबरअखेर याल, फुलं संपलेली असतील, डबकं वाळून तडकलेलं असेल आणि तुम्हाला वाटेल आता इथे काहीच नाही, घाला सायकल. नेमकं तेव्हा चाक कंदावरून जाईल.

बाकी सीतेची आसवं, गेंद, मिकी माउस ही मंडळी तोवर बियांवर आलेली असतात. फुलापेक्षा बी पडतानाचे दिवस जास्त नाजूक, पण तेव्हा गर्दीही नसते आणि कोणाला कळतही नाही.

2012 साली पश्चिम घाटातल्या 39 ठिकाणांना जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, त्यात कास आहे. राजमार्गाचं म्हणाल तर तो वनखात्याच्या हद्दीत आहे. कुमुदिनी तळ्यापर्यंत लोक पायी जातात. सायकलचं आधी तिथल्या चौकीवर विचारा, नाही म्हणाले तर सायकली तिथेच कुलूप लावून चालत जाऊन या. पायी जायला फार वेळ लागत नाही आणि भाच्याला बसल्या जागेवरून थोडं उतरायलाही मिळेल.

हरिपूरकर

सगळ्यांचे आभार. एवढं सविस्तर कोणी सांगेल असं वाटलं नव्हतं.

फ्रीव्हीलचे दाते मोजले. 28 च निघाले. दुकानदाराने डिरेलर बघितला, म्हणाला 34 चालेल, चेन बदला. पॅड सिंटर्ड मागवलेत. आउट काढायला सांगितला तर म्हणाला, "कोणी सांगितलं तुम्हाला?" मी म्हटलं, साताऱ्याच्या एका फिटरने. तर गप्पच झाला.

दिशा यवतेश्वराकडूनच. आठवड्याची सुट्टी मला बुधवारी असते, त्यामुळे गर्दीचा प्रश्न तसाही नाही, पण अस्वलाला बुधवार-रविवार कळत नसावा. ताई, तुमच्या शाळेच्या कठड्याला नक्की हात करू.

भाच्याला वायतुराताईंचा निरोप वाचून दाखवला. पहिल्यांदा तोंड वाकडं केलं, मग फोनवर त्या फुलाचा फोटो काढून बघत बसला. आता म्हणतो, मग माउंटन बाइकचा उपयोग काय? याचं उत्तर कोणाकडे आहे का? आणि एक राहिलं. कासहून बामणोलीला उतरून यावं असंही त्याच्या डोक्यात आलंय, जवळच आहे म्हणे.

बोगदा फिटर

बामणोली नको. म्हणजे बामणोली झकास आहे, शिवसागराचं म्हणजे कोयनेच्या जलाशयाचं पाणी, समोर वासोट्याचं जंगल, सगळं. पण कोयनेचं धरण भरतं ते 660 मीटरच्या आसपास, आणि बामणोली त्या पाण्याच्या काठावर. कासहून जेवढे पाचशे मीटर खाली जाल तेवढेच परत चढावे लागतील. म्हणजे एका दिवसात दोन यवतेश्वर, आणि दुसरा बाराच्या उन्हात. भाच्याला एकट्याला पाठवायचं असेल तर पाठवा, तुम्ही तलावाकाठी झोपा.

माउंटन बाइकचा उपयोग विचारतो ना? त्याला कोळघर ते कुसुंबी उतरू द्या. पावसाने उखडलेला रस्ता, कडेला वाहून आलेला मुरूम, मधेच ओढ्याने आणलेले गोटे. ऑक्टोबरात डागडुजी झालेली असेलच असं नाही. रस्त्यावर राहूनच त्याला टायर रुंद का असतात ते कळेल. त्यातून हौस फिटली नाही तर देगावच्या बाजूने पाटेश्वरचा डोंगर आहे, तिथे दगडधोंड्यांत पोटभर खेळू दे, दुसऱ्या दिवशी. देवळाच्या पायऱ्या सोडून.

वेळ मात्र बांधून घ्या. ऑक्टोबरअखेर साडेसहाला उजाडतं आणि सहा-सव्वासहाला दिवस बुडतो. पहाटे सहाला पुढे-मागे दिवे लावून निघा, घाटाचा खालचा भाग गारव्यात होतो, वर ऊन पाठीवर येतं. कास तलावावर दहाच्या आत. दहा वाजून गेले आणि तलाव आला नसेल तर जिथे असाल तिथून वळा आणि आल्या घाटाने उतरा, त्यात कमीपणा नाही. तलावापुढे गेलात की मागे फिरणं आणि पुढे जाणं सारखंच जड पडतं, म्हणून निर्णय तिथेच. कुसुंबीचा उतार एकच्या आत संपवा. मेढ्यात जेवा, पण हलकं, मिसळीवर तुटून पडू नका, पुढे कण्हेरच्या चढांना ती वर येते. चारपर्यंत सातारा.

सामान: दोन जादा ट्यूब दोघांच्या मापाच्या वेगवेगळ्या, 27.5 ची ट्यूब 29 ला ओढूनताणून बसते पण उलटं जमत नाही. चेन तोडायचं हत्यार, दोघांच्या चेनची मास्टर लिंक (तुटलेली चेन जोडायची कडी), कारण तुमची आणि बारा गिअरची एकमेकांना चालत नाही. भाच्याच्या सायकलचा जादा हँगर, तो बाजारात मिळवायला दमवतो. ब्रेकच्या तारेचा एक तुकडा. आणि ट्यूबलेस असेल तर सीलंट (टायरमधला पंक्चर बुजवणारा द्रव) आताच हलवून बघा आत ओलं आहे का, नवी सायकल म्हणून विश्वास ठेवू नका.

घाटात दरडीचे दगड आलेले असू शकतात, निघायच्या आदल्या दिवशी इथे विचारा, मी वर जाऊन येणाऱ्याला विचारून सांगतो.

किलोमीटरखाऊ

बुधवार असेल तर अजूनही म्हणतो, उलटं.

हरिपूरकर

किलोमीटरखाऊ दादा, तुमच्या वहिनींनी, म्हणजे आमच्या सौ.नी, तुमचा निरोप वाचला. त्या म्हणतात अस्वलाच्या बाबतीत ताईंचंच ऐका. यवतेश्वराकडूनच. आदल्या दिवशी दुपारी साताऱ्यात पोचतोय, सायकली दुकानात दाखवायला घेऊन येतो.

बोगदा फिटर

या. मंगळवारी दुकान दोन ते चार बंद असतं, त्यानंतर.